रोल धुताना नेमकं काय धुतलं जातं?

बाबा अजूनही विचारतात, "रोल धुवायला टाकलास का गं?" डेव्हलप हा शब्द त्यांच्या तोंडी कधी बसलाच नाही. इस्त्रीवाल्याकडे कपडे टाकावेत तसे त्यांनी आयुष्यभर फोटोवाल्याकडे रोल टाकले. मला आधी या शब्दाचं हसू यायचं. गेली काही वर्षं पार्ल्यातल्या आमच्या बाथरूममध्ये मी स्वतः रोल धुते आहे आणि आता वाटतं, बाबांचाच शब्द बरोबर. फिल्मवरचं चित्र टिकतं ते धुण्याने. आणि मुंबईत हा छंद करायचा तर कॅमेऱ्याइतकंच पाणीही कळावं लागतं: किती गरम आहे, किती गढूळ आहे आणि मुळात किती वाजता येतं.

आधी फिल्म म्हणजे काय ते बघू. पारदर्शक प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात चांदीच्या क्षारांचे, मुख्यतः सिल्व्हर ब्रोमाइडचे, अतिसूक्ष्म स्फटिक. शटर उघडलं की प्रकाश या स्फटिकांवर पडतो आणि त्यांच्यात चांदीचे मोजके अणू मोकळे होऊन एका ठिकाणी जमतात. किती? चार-पाचसुद्धा पुरतात. फिल्म बाहेरून होती तशीच दिसते, पण कुठल्या स्फटिकाने प्रकाश खाल्ला याची नोंद झालेली असते. फोटो काढून झाला तो एवढाच. याला सुप्त प्रतिमा म्हणतात.

ते अणू एका ठिकाणीच का जमतात, याची गोष्ट मला फार आवडते. फिल्म बनवणाऱ्यांना एक कोडं पडलं होतं. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात. तर एका खेपेच्या जिलेटिनची फिल्म तेज निघायची आणि दुसऱ्या खेपेची मठ्ठ. १९२०च्या दशकात कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्ड यांनी कारण शोधलं: जिलेटिनमध्ये राहिलेला गंधकयुक्त पदार्थाचा अंश. लोणच्यासाठी मोहरी फेसताना जो झणका नाकात जातो, तोच हा पदार्थ. गुरांनी चरताना मोहरीवर्गातली झाडं खाल्ली की त्याचा माग थेट फिल्मपर्यंत पोचायचा. या गंधकामुळे स्फटिकावर जे सूक्ष्म ठिपके तयार होतात, तिथेच ते अणू येऊन बसतात.

आता धुणं. इथे लोक घाबरतात, कारण सगळं अंधारात चालतं. म्हणून मी नवख्यांना आधी भर उजेडातला एक प्रयोग करून दाखवते. नव्या रोलच्या डबीतून फिल्मची जी जीभ बाहेर आलेली असते, तिने उजेड पाहिलेलाच असतो, ती कापली तरी नुकसान नाही. तिचे नखाएवढे दोन तुकडे करायचे. रंग राखाडी-जांभळट, दुधाळ. एक तुकडा डेव्हलपरमध्ये टाकायचा. काही सेकंद काहीच होत नाही, मग कडेने करडेपणा यायला लागतो आणि दोन-तीन मिनिटांत तुकडा तव्याच्या बुडासारखा काळा. दुसरा तुकडा थेट फिक्सरमध्ये टाकायचा. त्याचा दुधाळपणा पातळ होत जातो, आणि बघता बघता वाटीचा तळ त्यातून दिसायला लागतो. उरतं ते नुसतं प्लास्टिक. आता अदलाबदल करा. काळा तुकडा फिक्सरमध्ये घातला तर काळाच राहतो. पारदर्शक तुकडा डेव्हलपरमध्ये घातला तर त्याचं काहीच होत नाही.

सगळी डार्करूम या दोन वाट्यांत आहे. ज्या स्फटिकाने प्रकाश पाहिलाय त्याला डेव्हलपर पूर्णपणे चांदी करून टाकतो. आपल्या डोळ्यांना चांदी म्हणजे पैंजणासारखी चकाकणारी, पण इतकी बारीक आणि विस्कटलेली चांदी काळीच दिसते. ज्याने प्रकाश पाहिला नाही ते स्फटिक फिक्सर विरघळवून नेतो. म्हणजे धुऊन जाते ती प्रकाश न पाहिलेली चांदी, आणि मागे राहतं ते चित्र. आकाश सगळ्यात उजळ, म्हणून पट्टीवर सगळ्यात काळं. हीच निगेटिव्ह. फिक्सरला जुने फोटोवाले हायपो म्हणतात. हायपो चांदीचे क्षार विरघळवतो हे जॉन हर्शेल या इंग्लिश शास्त्रज्ञांनी १८१९ साली नोंदवलं होतं, छायाचित्रण जाहीर व्हायच्या वीस वर्षं आधी.

हा प्रयोग मनात पक्का असेल तर बिघडलेला रोलही वाचता येतो. माझ्या भाच्याच्या मुंजीत मी एकटी फिल्मवर फोटो काढत होते. मातृभोजन, भिक्षावळ, सगळं झालं. कॅमेऱ्याचा आकडा ३६ वर गेला, मग ३८ वर, तरी फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर आपला मजेत फिरतोय. तेव्हाच पोटात गोळा यायला हवा होता. घरी येऊन रोल धुतला तर पट्टी आरपार स्वच्छ. पण कडेला फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे ठसठशीत काळे उमटलेले. ही अक्षरं कारखान्यातच प्रकाशाने छापलेली असतात. ती उमटली म्हणजे माझं धुणं बरोबर होतं. फिल्मची जीभ आतल्या फिरकीत अडकलीच नव्हती, त्यामुळे रोल जागचा हललाच नाही. अक्षरंही गायब असती तर दोष रसायनांचा, बहुधा फिक्सर आधी ओतला असता. ताई पुढचे आठ दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलली. तेव्हापासून प्रत्येक फोटोनंतर लिव्हर फिरवताना डावीकडचा रिवाइंडचा खुंटा फिरतोय का ते बघते. तो फिरला तर फिल्म चालली आहे.

कॅमेऱ्यावर मी फार बोलणार नाही. पेन्टॅक्स के १०००, निकॉन एफएम २ किंवा घरात पडलेला याशिका, काहीही चालेल. फोर्टात बोरा बाजारच्या आसपास कॅमेऱ्याची दुकानं आहेत, तिथे हातात घेऊन बघून घ्यावा. बघायच्या गोष्टी दोनच. लेन्सच्या मागून मोबाइलचा टॉर्च मारायचा आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबईच्या चार पावसाळ्यांत कुठल्याही बंद कपाटातल्या लेन्सला होते. आणि मागचं झाकण उघडून कडेचा काळा स्पंज बोटाने चाचपायचा. चिकट डांबर झाला असेल तर तिथून उजेड आत शिरणार.

प्रकाश मोजायचा जुना ठोकताळा असा: लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र एफ १६ (आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान) आणि शटर फिल्मच्या वेगाइतकं. हा वेग म्हणजे डबीवरचा आयएसओचा आकडा; ४०० च्या फिल्मला सेकंदाचा १/५०० भाग, कारण कॅमेऱ्यावर १/४०० च्या जवळचा आकडा तोच. मुंबईत हवा धुरकट असते, मी एफ ११ वरच थांबते. पावसाळी ढगात एफ ५.६. शंका आली तर प्रकाश थोडा जास्तच द्या. निगेटिव्ह जादा प्रकाश मुकाट्याने पचवते, पण कमी पडलेल्या प्रकाशात सावलीचा जो भाग पट्टीवर उमटलाच नाही, तो पुढे कुठलंही रसायन परत आणू शकत नाही. खर्चाचं म्हणाल तर कृष्णधवल रोल मला हजाराच्या घरात पडतो. ३६ फोटो धरले तर एकदा बटण दाबणं म्हणजे रिक्षाचं किमान भाडं. हात आपोआप जपून चालतो.

उरलेले रोल हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या शेजारी. बाहेर काढल्यावर तासदोन तास डबा उघडायचा नाही, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं.

आता पाणी. डेव्हलपरचं काम वेळ आणि तापमान या दोन गोष्टींवर चालतं, आणि सगळे तक्ते थंड देशांत बसून केलेले, २० अंश सेल्सियसचे. इल्फर्ड या इंग्लिश कंपनीची एचपी ५ प्लस ही कृष्णधवल फिल्म त्यांच्याच आयडी ११ डेव्हलपरमध्ये, पाणी न मिसळता, २० अंशाला साडेसात मिनिटं. मे महिन्यात आमच्या नळाचं पाणी ३० अंशाला टेकतं. तापमान वाढलं की रासायनिक क्रिया घाईने होते, त्यामुळे तीच फिल्म तीनेक मिनिटांत तयार होईल. मग बरंच की, वेळ वाचला? नाही. पाच मिनिटांखाली गेलं की डेव्हलपर ओतायला आणि काढायला लागणारे दहा-पंधरा सेकंदसुद्धा मोठा हिस्सा होतात. फिल्मचा एक भाग जास्त शिजतो, दुसरा कमी, आणि आकाशात पट्टे दिसतात. शिवाय गरम पाण्यात जिलेटिन फुगून मऊ पडतं, नखानेही ओरखडा उठतो. सरकारने फिल्मचा कारखाना उटीला काढला तो तिथल्या थंड, स्वच्छ हवेसाठीच: हिंदुस्तान फोटो फिल्म्स, स्थापना १९६०, आणि फिल्मचं नाव 'इंदू'.

उटी आपल्याकडे नाही, पण बर्फ आहे. मी सगळ्या बाटल्या, म्हणजे डेव्हलपर, फिक्सर आणि धुवायच्या पाण्याच्याही, एका बादलीत उभ्या करते आणि बादलीत फ्रीझरमधले बर्फाचे दोन ट्रे रिकामे करते. बर्फ बाटलीत नव्हे, बाहेरच्या पाण्यात. २० अंशांचा हट्ट मी कधीच सोडला. २४ वर स्थिर राहणं जास्त सोपं. २४ अंशाला वरचे साडेसात मिनिटं सव्वापाचच्या आसपास येतात, म्हणजे अगदी काठावर. त्यावर युक्ती म्हणजे डेव्हलपरमध्ये तेवढंच पाणी मिसळायचं. आयडी ११ अर्धंअर्धं केलं की २० अंशाला १३ मिनिटं लागतात, २४ ला साधारण सव्वानऊ. एवढ्या वेळात हात चुकला तरी फिल्म माफ करते. महत्त्वाचं इतकंच की डेव्हलपर, फिक्सर आणि शेवटचं पाणी यांच्या तापमानात मोठा फरक नको. गारातून एकदम कोमटात गेलं तर जिलेटिनला भेगांची जाळी पडते.

अंधाराचं काम खरं तर पाच मिनिटांचं. रोल उघडून फिल्म एका चक्रीवर गुंडाळायची आणि चक्री झाकणाच्या टाकीत बंद करायची. एकदा झाकण लागलं की दिवे लावा, पुढचं सगळं उजेडात. खिडकी नसलेली जागा मुंबईत कुणाकडे असते? म्हणून बाह्या असलेली काळी पिशवी मिळते, तिच्यात हात घालून हे करतात. पण मेमध्ये त्या पिशवीत हाताला घाम फुटतो आणि दमट फिल्म प्लास्टिकच्या चक्रीत मधेच चिकटून बसते. पुढे जात नाही, मागे येत नाही. चिडून ढकलली की चंद्रकोरीसारखी घडी पडते आणि ती घडी फोटोवर कायमची दिसते. असं झालं की सगळं टाकीत टाकून झाकण लावायचं, हात कोरडे करून पंख्याखाली बसायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं. मी आता हे काम रात्रीच, एसी लावलेल्या खोलीत करते. सरावासाठी एक वाया गेलेला रोल ठेवावा. आधी उघड्या डोळ्यांनी, मग मिटून, दहादा गुंडाळून बघावा.

मग डेव्हलपर ओतायचा, टाकी जमिनीवर हलकेच आपटायची म्हणजे बुडबुडे सुटतात, पहिले दहा सेकंद चार वेळा उलटीसुलटी करायची आणि पुढे दर मिनिटाला तसंच. वेळ झाली की काढून स्टॉप बाथ, म्हणजे पातळ ॲसेटिक ॲसिड, दहा सेकंद. त्याने डेव्हलपर जागच्या जागी थांबतो. नंतर फिक्सर. किती वेळ, ते मघाच्या जिभेच्या तुकड्याला विचारा: तो जेवढ्या वेळात पारदर्शक होतो त्याच्या दुप्पट. फिक्सर थकला की हा वेळ वाढत जातो, बाटली बदलायची वेळ त्यावरूनच कळते. हातमोजे घाला, काही डेव्हलपरमधल्या मेटॉलने कातडीला खाज सुटते. आणि स्वयंपाकघरातलं एकही भांडं यात वापरू नका. एकदा आलं की ते परत जायचं नाही, हा आमच्या घरातला आईचा कायदा आहे.

वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी विरघळलेली असते, म्हणून तो मी मोरीत ओतत नाही, कॅनमध्ये साठवते. ओळखीच्या एका लॅबवाल्याने कॅन घ्यायचं कबूल केलंय.

आता खरं धुणं. फिक्सरचा अंशही राहता कामा नये. पुस्तकं म्हणतात, वाहत्या नळाखाली धरा. आमच्या इमारतीत पाणी सकाळी दीड तास. मुंबईकरांसाठी इल्फर्डने दिलेली एक पद्धत वरदान आहे: टाकी भरा, पाच वेळा उलटी करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. झालं. एका रोलच्या टाकीत सुमारे ३०० मिली मावतं, म्हणजे सगळं धुणं एक लिटरच्या आत. भातसा-वैतरण्याचं पाणी तसं मऊ असतं, पण जुलैत नळाला गढूळ येतं आणि त्यातले कण ओल्या जिलेटिनमध्ये रुतून बसतात. तेव्हा शेवटचं पाणी मी प्यायच्या फिल्टरचं घेते. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर पांढरे क्षारांचे डाग पडतील. शेवटच्या पाण्यात वेटिंग एजंटचा एक थेंब घातला की पाणी थेंब न धरता सरळ ओघळून जातं.

वाळवायचं बाथरूममध्येच, कुणाची तरी गरम पाण्याची आंघोळ झाल्यावर, कारण वाफेने हवेतली धूळ खाली बसलेली असते. वर एक चिमटा, खाली वजनाला दोन. पंखा बंद. पावसाळ्यात आईच्या ओढण्यांसारखीच फिल्मही वाळता वाळत नाही. एकदा मी घाईने तीन तासांत काढली आणि पट्ट्या एकमेकींना चिकटल्या. हे सगळं करताना मला सरस्वतीबाई फाळके आठवतात. १९१२ साली दादासाहेबांनी लंडनहून कॅमेरा आणला आणि दादरच्या घरात उद्योग मांडला, तेव्हा कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडण्यापासून रसायनं कालवण्यापर्यंतची कामं त्या करत. एसी नाही, फ्रिज नाही, आणि घरातल्या सगळ्यांचं जेवणही करायचं.

रंगीत रोलची गंमत उलटी आहे. त्याची सी-४१ नावाची प्रक्रिया जवळपास ३८ अंशांना चालते, डेव्हलपर सव्वातीन मिनिटं. म्हणजे इथे मुंबईचं पाणी आपल्या बाजूचं. पण अर्ध्या अंशानेही रंग हलतात, म्हणून मी रंगीत रोल लॅबमध्येच देते.

राहिलं स्कॅनिंग, म्हणजे निगेटिव्हवरून कॉम्प्युटरवर फोटो आणणं, आणि इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. लॅब करून देते ते सोपं. घरी करायचं तर फिल्मसाठीचा फ्लॅटबेड स्कॅनर, किंवा डिजिटल कॅमेऱ्याने निगेटिव्हचाच फोटो काढायचा. मी दुसरं करते: खाली पांढऱ्या उजेडाचं पॅनेल, त्यावर फिल्म, वर स्टँडला उलटा टांगलेला कॅमेरा आणि अगदी जवळचं टिपणारी मॅक्रो लेन्स. कॅमेरा फिल्मला अगदी समांतर हवा. त्यासाठी फिल्मच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवायचा आणि कॅमेऱ्यातून बघायचं; आरशात आपल्याच लेन्सचा काळा डोळा बरोबर मध्यभागी दिसला की समांतर. फिल्मभोवतीचं पॅनेल काळ्या कागदाने झाका, नाहीतर कडेचा उजेड सगळ्या फोटोवर धुकं पसरवतो. रिझोल्यूशनच्या मागे मात्र वेडं होऊ नका. ३५ मिमीची चौकट २४ बाय ३६ मिमीची. ती २४०० डीपीआयने, म्हणजे इंचाला २४०० ठिपके धरून, स्कॅन केली तरी साधारण ७७ लाख पिक्सेल मिळतात. घरात लावायच्या प्रिंटला पुष्कळ झाले.

धूळ काढणारी स्कॅनरची स्वयंचलित सोय कृष्णधवल रोलवर चालत नाही. ती इन्फ्रारेड किरणांनी धूळ ओळखते. रंगीत फिल्ममध्ये शेवटी चांदी उरत नाही, नुसते रंग उरतात, त्यांतून इन्फ्रारेड आरपार जातं. कृष्णधवल फिल्मचं चित्रच चांदीचं, ते त्याला धुळीसारखंच अडवतं, आणि स्कॅनर चित्रच पुसायला निघतो.

आणि तो नारिंगी रंग? रंगीत निगेटिव्ह चहासारखी दिसते, कारण तिच्यातले रंग शुद्ध नसतात आणि त्यांची खोट भरून काढायला कारखान्यातच नारिंगी पडदा घातलेला असतो. स्कॅन करताना तो वजा करून चित्र उलटं करावं लागतं. किती वजा करायचं हे स्कॅनर किंवा त्याच्यापुढे बसलेला माणूस ठरवतो. मी एकच पट्टी दोन लॅबना दिली होती. एकीकडे माहीमचा समुद्र हिरवट आला, दुसरीकडे निळा. इन्स्टाग्रामवर अमुक फिल्मचे रंग काय सुंदर म्हणून जे चालतं, त्यातले निम्मे रंग स्कॅनिंगवाल्याचे असतात. कृष्णधवलमध्ये ही भानगड नाही, म्हणून सुरुवात तिथून करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

गेल्या महिन्यात बाबांनी कपाटातून एक बिस्किटांचा डबा काढून दिला. त्यांच्या ॲग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या चौकोनी निगेटिव्ह, जुन्या बटर पेपरच्या पाकिटांत. काही अजून काचेसारख्या स्वच्छ. एका पाकिटातल्या मात्र बारापैकी नऊ पिवळ्या-तपकिरी पडलेल्या, कडेने जास्त. तेव्हा ज्या कुणी तो रोल धुतला त्याने शेवटच्या पाण्यात घाई केली होती. राहून गेलेला हायपो इतकी वर्षं चांदीला आतून खात होता. गेलेला भाग परत येत नाही, पण उरलेला हायपो काढला तर डाग पुढे सरकायचा थांबतो. बर्फाच्या बादलीत पाणी २४ अंशावर आणलं आणि नऊच्या नऊ पुन्हा धुतल्या. बाबा दारात उभे राहून विचारत होते, "निघतोय का गं डाग?" डाग निघाला नव्हता. रात्री ओढण्या बाजूला सारून त्या दांडीवर टांगल्या, सकाळी वाळल्या होत्या.